बॉयलरच्या धुराड्यावर वाळलेली दोरी

हे वाचायला जरा निवांत बस गो. फोनवर "बाबा बरे आहेत ना" विचारतेस, मी "हो" म्हणते, की झाली तुझी चौकशी! पुण्याला गेलीस म्हणून बापाची खबर दोन शब्दांत आटपायची होय? आज सगळं लिहिते, नीट वाच.

तुझ्या बापानं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, परवा परसातल्या विहिरीतला गाळ काढायला घेतला. स्वतःच उतरणार म्हणे. कमरेला बांधली ती बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानं आणलेली दोरी. बोटाएवढीच, पण पोलादी तारेला भारी. आत सोनेरी धागे, वर पांढरं कवच. मुलगा बजावून गेला होता, "काकांना सांग, हिला आचेजवळ ठेवू नका." पण आपल्याकडे काथ्याची दोरी चुलीवरच्या धुरात टांगायची रीत, कुजत नाही, वाळवी लागत नाही. तेच तुझ्या बापाच्या डोक्यात. आपल्या काजू वाफवायच्या बॉयलरच्या धुराड्याला ही दोरी पावसाळाभर गुंडाळून ठेवलीन.

दोघे गडी कप्पीवरून दोरी सोडत होते. बाप तुझा लोंबकळत अर्ध्यावर गेला. मी वेटोळ्यापाशी उभी. त्यात एके ठिकाणी कवच काचेसारखं चकाकत होतं. दुमडून बघितलं, तर आत कचकन काहीतरी पिचलं. आणखी थोडी सोडली, की तो तुकडा कप्पीवर जाणार, अन् सगळं वजन त्यावर.

मी वेटोळ्यावर बसलेच. "थांबा! वर घ्या त्याला!"

खालून आवाज, "वहिनी, साप दिसला की काय?"

"तू वर ये आधी!"

"अहो, या दोरीनं जहाजं बांधतात!"

"जहाजाला बायको-पोरं नसतात. ये वर!"

गडी ओढत होते, कप्पी करकरत होती. त्याचं डोकं काठावर दिसेपर्यंत मी काही उठले नाही.

मग तो चिडून म्हणाला, "बघूच." दोरी फणसाला बांधली, दुसरं टोक टेम्पोला. टेम्पो जरा पुढे गेला, अन् त्याच जागी फटकन तुटली. माणसाच्या वजनानं तुटली असती की नाही, देव जाणे.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, यातले धागे पेंढीतल्या काड्यांसारखे एका दिशेला असतात, त्यातच त्यांचं बळ. तापली की दोरी दुबळी पडते. थोडा वेळ तापली तर निवल्यावर बरीचशी सावरते. पण फार आच, फार दिवस लागली, की गेलेलं बळ परत येत नाही. आणि नायलॉनसारखे हे धागे वितळून गळत नाहीत, म्हणून आतलं बिघडलेलं डोळ्याला कळत नाही."

हे सगळं मी तुझ्या बापाला सांगितलं. तर म्हणतो, "खराब तुकडा कापतो, गाठ मारतो, रविवारी उतरतो." धुराड्याची आच आणखी कुठे लागलीय ते कोण सांगणार? माझं ऐकत नाही, तुझ्या आईचं तर नाहीच. तुझ्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. तेव्हा रविवारची वाट बघू नको, बायो. मिळेल त्या गाडीनं रत्नागिरीला ये.