कासव कुठं सोडलंत?

गेल्या महिन्यात कासव पाळलेल्या चार वेगवेगळ्या घरांतून मला फोन आले आणि चौघांनीही एकच विचारलं, "तुम्ही कासव कुठं सोडलंत?" तेच ते सांगून माझा घसा बसला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते आहे. यापुढे कोणी विचारलं तर लिंक पाठवीन, बोलणार नाही.

कासव माझं नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुलभाचं. ती वारज्याला राहते, मी सदाशिव पेठेत. तिच्या मुलानं शाळेत असताना ते शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलं, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढं होतं. हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते आणि हे एवढंच राहतं, असं दुकानदारानं सांगितलं. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही, पण बंडू (हे त्या कासवाचं नाव) पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढा झाला.

मुलगा आता बंगळूरला असतो आणि सुलभा त्याच्याकडे कायमची निघाली होती. तिथल्या बाल्कनीत कपडेसुद्धा नीट वाळत नाहीत, बंडूचा टब कुठला मावणार? "त्याला मी टाकून देणार नाही, ताई," ती म्हणाली. "चांगल्या पाण्यात सोडणार आहे. सगळं आयुष्य टबात काढलं बिचाऱ्यानं." टाकणं आणि सोडणं यांत तिच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता. तेव्हा तो मलाही पटला.

जानेवारीतल्या एका शनिवारी, उजाडता उजाडता मी वारज्याला पोचले. सुलभा बादली घेऊन फाटकाशी उभी होती. निळी बादली, झाकणाला भोकं, आत चार बोटं पाणी आणि बंडू, खांद्याला त्याच्या सामानाची झोळी. आम्ही रिक्षा केली. (तुम्ही जाणार असाल तर खडकवासल्यापर्यंतचं भाडं आधी ठरवून घ्या, शिवण्याच्या पुढं गेल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.)

"काय आहे बादलीत?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"कासव."

"सोडायला? वा. पुण्याचं काम."

पुण्याचं म्हणजे पुण्य की पुणं, ते विचारायचं राहून गेलं.

शिवण्याहून पलीकडच्या नांदेड गावाकडे जाणाऱ्या पुलावर मी रिक्षा थांबवली. खाली मुठा होती. धुकं नदीवरून उठत होतं की नदीच धुकं होऊन उठत होती, कळेना. त्या पांढुरक्या उजेडात फेसाचे गोळे संथ तरंगत चालले होते, एकमेकांना धडकत, पुन्हा सुटे होत. काळ्या-पांढऱ्या पंखांच्या शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चिखलात इतक्या जपून चालत होत्या, जणू कोणी आत झोपलं आहे. काठाकाठानं जलपर्णी पसरलेली, मधूनच तिची जांभळी फुलं.

"किती सुंदर दिसतंय गं!" सुलभा म्हणाली.

"नाकावरचा पदर काढ आणि मग सांग."

तिनं काढला आणि लगेच पुन्हा लावला. मी वनस्पतिशास्त्र शिकले त्याला आता कित्येक वर्षं झाली, पण एवढं आठवतं की जलपर्णी अशी माजते ती मैल्यात आणि साबणात जे पोषण असतं त्यावर. ते हिरवं रान म्हणजे आपल्याच न्हाणीघरांचं पीक होतं. तरी मी पुलाच्या कठड्यापासून हलले नव्हते, हेही खरं. विषारी गोष्ट इतकी शांत दिसू शकते, याचं नवल वाटत राहिलं.

खडकवासल्याला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. सकाळी लवकर गेलात तर कांदाभजी ताज्या तेलातली मिळतात. दुपारनंतर खाऊ नका. आम्ही भजी आणि चहा घेतला आणि पाण्याशी जाऊन बसलो. समोर निळं, सैल, पसरलेलं पाणी आणि त्यावर सिंहगडाची उलटी सावली. सुलभानं झाकण काढलं. बंडूनं मान वर केली आणि बराच वेळ हलला नाही. एवढं आभाळ त्यानं पूर्वी पाहिलेलं नसणार.

ती त्याला उचलणार, तोच शेजारी एक गाडी थांबली. वडील, आई, लहान मुलगी. वडिलांनी मुलीच्या हातात गच्च गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी दिली. आत निर्माल्य. "असा नमस्कार करायचा आणि सोडायचं."

"अहो, पिशवीसकट?" मी विचारलं.

"काकू, देवाची फुलं आहेत."

"आणि पिशवी कोणत्या देवाची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि मुलीला खूण केली. तिनं ती सोडली. पिशवी लगेच बुडली नाही. डुलत, चकाकत, एखाद्या फुगीर माशासारखी लांब जात राहिली. मुलगी हात जोडून उभी होती. आपल्याला कोणी चुकीचं शिकवतंय असं तिला का वाटावं?

सुलभानं झाकण पुन्हा लावलं. "इथं नको. कोणीतरी पकडून नेईल त्याला."

"आणि हेच पाणी आपल्या नळाला येतं," मी म्हटलं.

"म्हणजे बंडू पाणी बाटवेल?"

"आपण बाटवतोच आहोत. त्यात त्याची भर कशाला?"

परतीला बस घेतली. धायरी फाट्याला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. बादली पायांत धरून बसल्या बसल्या माझा डोळा लागला असावा, कारण पुढचं विचार केल्यासारखं आठवत नाही, पाहिल्यासारखं आठवतं. धरणात पाणी असतं. ते नळानं माझ्या घरी येतं, मी त्यात भांडी घासते, ते मोरीतून जातं. धरणाखाली या दिवसांत नदी म्हणजे नुसते खडक, मग एकेक नाला मिळत जातो आणि ती पुन्हा वाहू लागते. म्हणजे पुलाखाली मी जी पाहिली ती नदी माझ्या घरून आलेली. ती तशीच पुढं भीमेला, उजनीला जाते, कोणाच्या तरी उसाला लागते, आणि त्याची साखर माझ्या चहात येते. धरणातून पाणी सोडलं, नाल्यात सांडपाणी सोडलं, नदीत निर्माल्य सोडलं. आपल्या भाषेत सगळं सोडलेलंच असतं. सुटत मात्र काहीच नाही, फिरून येतं.

"ताई, स्वारगेट," सुलभानं हलवलं.

रात्री बंडू माझ्या न्हाणीघरात राहिला.

रविवारी पाषाणचा तलाव. हा सुलभाचा हट्ट, तिथं पक्षी येतात म्हणजे पाणी चांगलं असणार. फेसाळ मुठेतल्या शेकाट्या मी आदल्याच दिवशी दाखवल्या होत्या, पण असो. इथंही सकाळीच जा, डास कमी असतात. झाडांखालची वाट ओलसर, पाण्यावर कोवळं ऊन, पलीकडे रस्त्याची घरघर दूर कुठल्या तरी दुसऱ्या शहरातली वाटावी इतकी मंद. पाण्यात एक ओंडका पडलेला आणि त्यावर ओळीनं कासवं ऊन खात बसलेली. माना ताणून, मागचे पाय पसरून.

"बघ, ताई!" सुलभाचे डोळे भरून आले. "सोबत आहे त्याला!"

ती बादली घेऊन काठाशी वाकली.

"काकू, काय करून राहिले तुम्ही?"

झाडाआडून एक तरुण मुलगी आली. गळ्यात भला मोठा कॅमेरा. आयटीत नोकरी करते आणि सुट्टीला इथं येते, असं तिनं नंतर सांगितलं.

"सोडतोय," मी म्हटलं.

"नका सोडू न, प्लीज. हे बाहेरचं आहे. अमेरिकेचं."

"तुम्ही कुठल्या?"

"अमरावतीची."

"मग तुम्हीही बाहेरच्याच."

ती खळखळून हसली. "हो न! पण मी इथल्या बेडकांची पिल्लं नाही खात, काकू."

मला अशी उत्तरं आवडतात. तिनं कॅमेऱ्यातून ओंडका जवळ करून दाखवला. प्रत्येकाच्या डोळ्यामागे लाल पट्टा. "एकपण इथलं नाही. हे मासे खातात, पिल्लं खातात, उन्हाची जागासुद्धा सोडत नाहीत. इथलं कासव मी अजून या लाकडावर पाहिलंच नाही. आणि हे सगळे असेच आले न, बादलीतून."

सुलभा ओंडक्याकडे बघत राहिली. ती दिसायला इतकी स्वस्थ, सोनेरी ओळ. त्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी हात जोडून, गदगदून निरोप दिलेला. कालच्या पिशवीसारखाच. सुलभानं झाकण लावलं.

मुलीनं वन्यप्राण्यांच्या एका उपचार केंद्राचा पत्ता दिला. शहराच्या कडेला, टेकडीखाली. आधी फोन करून जा, नाहीतर फाटकाबाहेर बसावं लागतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बंडूला उलटं धरलं, नखं पाहिली आणि म्हणाल्या, "मादी आहे ही."

"बंडू?" सुलभा म्हणाली.

"बंडू. तलावात सोडली असतीत तर अंडी घातली असती. बरं झालं इथं आणलंत."

"आता तुम्ही कुठं सोडाल तिला?"

"कुठंच नाही. इथं मोठी टाकी आहे, ऊन आहे, हिच्यासारख्या आणखी आहेत. पण टाकीच. जन्मभर. आणि दिलं की परत मिळत नाही."

सुलभानं बादली परत हातात घेतली आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तलाव तिथून फार लांब नव्हता. मी मागे गेले.

"मी तिला मोकळं करायला निघाले होते, ताई."

"ठाऊक आहे."

"तिथं सोडलं असतं तर मी सुखानं गेले असते."

"तू गेली असतीस. बेडकांचं काय?"

"तू कधी तरी गोड बोलशील का गं?"

"तू बंगळूरला पोचलीस की फोनवर बोलीन."

ती रडता रडता हसली. मग डॉक्टरीणबाईंपाशी गेली आणि बादली टेबलावर ठेवली. कोणी नमस्कार केला नाही.

घरी आल्यावर मी न्हाणीघर धुतलं. पाणी जाळीशी गोल फिरलं आणि गेलं. कुठं गेलं ते आता मला ठाऊक आहे, आणि ठाऊक नसतानाची मोरी मला परत मिळणार नाही. साबण निम्मा करते, निर्माल्य कुंडीत जिरवते. त्यानं मुठा निर्मळ होणार नाही, हे कोणी मला सांगू नये. सुलभा गेली. डोळे मिटले की मला अजून तो पूल दिसतो, फेसाचे ढग, जपून चालणारे गुलाबी पाय.

तर, कासव कुठं सोडलंत? सोडलं नाही, टाकलं नाही. सोपवलं. सोपवलं ते असं:

लाल पट्ट्याचं कासव, मादी, नाव बंडू. निळी बादली, झाकणासकट. ती ज्यावर बसते तो चपटा दगड. खाण्याचं अर्धं पाकीट. आणि सुलभानं तोंडी सांगितलेलं, जे डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं: लाल चमचा दाखवला की ती मान बाहेर काढते. चमचाही दिला.