विहिणीच्या ताटातला तुकडा

आमच्या उलकानताईनं पंचवीस वर्षं बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवली, पण घरात तिचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. उन्हाळ्यात इसिक-कुल सरोवराच्या काठी राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, हे तीच ठरवायची. मी तिची धाकटी जाऊ, तेव्हा पिशव्या उचलून तिच्या मागं फिरणं माझ्या नशिबी. रस्त्याकडेला 'खोली मिळेल' अशा पाट्या धरून बायका बसलेल्या असतात. त्यांच्या गोड बोलण्याला ताई भीक घालायची नाही. आधी संडास बघायचा, मग वाळत घातलेल्या चादरी, आणि सगळ्यात शेवटी खोली. खानावळीत तर शिरायच्या आधी ती मागच्या अंगणातलं कुत्रं बघायची. कुत्रं लठ्ठ असलं तर गिऱ्हाइकं मटण टाकून उठतात, असं तिचं म्हणणं. आणि भाव पाडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला त्याची लाज वाटायची, पण स्वस्तात चापून खायला मीच पुढं असायची.

त्या जुलैत मात्र ताईची झोप उडाली होती. तिची एकुलती एक लेक मेरिम तळासला दिलेली. लग्नाला चौदा महिने होऊन गेले, तरी पोरगी एकदाही माहेरी आली नव्हती. लग्नातल्या मानपानावरून विहीणबाई कालिपा रुसल्या होत्या, आणि त्यांच्या होकाराशिवाय सून माहेरी येणार कशी? म्हणून ताईनं व्याही-विहिणीला मेरिमसकट दोन दिवस सरोवरावर बोलावलं. जेवण मनासारखं झालं की माहेरपणाचा विषय काढायचा, असं ठरलं.

घर बघायला दोन दिवस गेले. खानावळ पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ठरली. कुत्रं हाडकुळं होतं, मेंढा समोर निवडून घ्यायचा होता. मालक एसेनशी ताईची जुंपली.

"एवढ्या पैशात मेंढा नाही मिळत मावशी, मेंढ्याचा फोटो मिळतो."

"फोटो तुझ्या भिंतीवर लाव. शिजवतोस की जाऊ पलीकडे?"

असं अर्धा तास चाललं. शेवटी एसेननं हात टेकले. "बरं बाई. पण त्यातला एक तुकडा मी काढून घेणार."

"घे रे, घे," ताई म्हणाली. जिंकल्याच्या आनंदात तिचं लक्षच नव्हतं.

दुपारी पाहुणे आले. कालिपाबाईंनी उशीचा वास घेतला, चादरीवरून हात फिरवला आणि नाक न मुरडता पिशवी आत ठेवली. मी मनात म्हटलं, पहिला घाट चढलो.

मग खानावळीत परात आली. ताईनं मानाचं कमरेचं हाड व्याह्यांना वाढलं. आता शेपटीवरचा चरबीदार तुकडा, विहिणीच्या मानाचा. मेंढ्याला तो एकच असतो. ताईचा हात परातीत फिरला, पुन्हा फिरला आणि थांबला. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारी तो तुकडा मिटक्या मारत खात होती.

"आमच्या नशिबात तो तुकडा नाहीच वाटतं," कालिपाबाई म्हणाल्या. "लग्नातही नव्हता."

मेरिमच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. ताईचे यजमान, आमचे भावजी, ताडकन उठले. "चोर आहे हा एसेन! आत्ता बघतो त्याच्याकडे!"

एसेन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो ताईकडे बघत होता, पण तोंडातून अक्षर काढत नव्हता. ताईनं फक्त गप्प बसायचं होतं, सगळा दोष त्याच्यावर गेला असता. मी टेबलाखालून तिला पायानं ढोसलंसुद्धा.

"बसा हो तुम्ही," ताई भावजींना म्हणाली. "त्यानं चोरला नाही. भाव पाडताना मीच घे म्हटलं, कुठला तुकडा तेही विचारलं नाही. विहीणबाई, चार पैसे वाचवायच्या नादात मी तुमचा मान विकला."

कालिपाबाईंनी ताट पुढं केलं, मिळालेली बरगडी खाल्ली आणि हात पुसले. माहेरपणाचं नाव काढायची ताईची हिंमत झाली नाही. मला तिचा असा राग आला होता की काय सांगू, आणि रडूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. मेरिम मान खाली घालून गाडीत बसली. कालिपाबाईंनी काच खाली केली.

"उलकानबाई, येत्या रविवारी तळासला या. मेंढा मी कापते, शेपटीचा तुकडा तुम्हाला वाढते. कसा वाढतात ते बघा." मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आणि जाताना पोरीला घेऊन जा. महिनाभर राहू दे."

गाडी वळणाआड गेल्यावर ताई रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसली.

रविवारी पहाटे आम्ही दोघी बिश्केकच्या गाडीतळावर गेलो. तळासच्या ड्रायव्हरनं अव्वाच्या सव्वा भाडं सांगितलं. आता जुंपणार म्हणून मी बाजूला सरकले. ताई आत जाऊन बसली आणि म्हणाली, "चल लवकर."