दिवा वाढना का?

हिलाल मिस्तरीला माझा मीटर आवडत नसे आणि मला त्याचा हट्ट. देवपुरातल्या सरकारी शेडमध्ये मी भांडार कारकून होतो. पांझरेला पूर आला तर हाताशी असावी म्हणून तिथे एक मोटरबोट ठेवलेली होती. वर्षभर तिच्यावर कबुतरं बसत. मे महिन्यात मात्र तिची मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून चालवायची, बॅटऱ्या चार्ज होतात की नाही ते बघायचं आणि दाखल्यावर मिस्तरीची सही घ्यायची. दाखल्यात छापलेलंच होतं : ‘समक्ष पाहून खात्री केली.’

मिस्तरीची रीत एकच. मोटर बंद असताना बॅटरीला गाडीचा बल्ब जोडायचा. मग मोटर चालू करून रेस द्यायची. उजेड वाढला तर चार्ज होतंय, नाही वाढला तर नाही. मी बॅटरी मोजायचा मीटर पुढे केला की म्हणायचा, "भाऊसाहेब, हातना काकनले आरसा कसाले? दिवा खोटं बोलत नही." माझं डोकंच फिरायचं. पण बारा वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नव्हतं, करता काय!

त्यातली शेवटची दोन वर्षं त्याची बायको मंजुळाबाई सोबत येऊ लागली. हत्यारांची पेटी तिच्या डोक्यावर. ती बल्बापाशी बसे, मिस्तरी मोटरीपाशी उभा राही आणि विचारी, "दिवा वाढना का?" ती म्हणे, "वाढना." मग दाखल्यावर सही कुठे करायची ते तीच बोट ठेवून दाखवी. मिस्तरीला दिसेनासं झालंय हे मी ओळखलं होतं. साहेबांच्या कानावर गेलं तर हे काम गेलंच, आणि इथलं गेलं की गावातले गॅरेजवालेही त्याला दारात उभं करणार नाहीत, हेही ठाऊक होतं. मी अळीमिळी गुपचिळी केली. दया वगैरे काही नाही. दुसरा मिस्तरी शोधायचा कंटाळा.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात नवे साहेब स्वतः शेडमध्ये आले. धुरामुळे नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. मिस्तरीने रेस दिली.

"दिवा वाढना का?"

"वाढना," मंजुळाबाई म्हणाली.

मी बल्बाकडेच बघत होतो. उजेड तसूभरही वाढला नव्हता.

मिस्तरीने मोटर बंद केली. "नही वाढना. चार्ज सुरू व्हयना का मशीनना आवाज दबस. आज दबना नही. खोटं कसाले बोलनी?"

मंजुळाबाई म्हणाली, "मी जर नही म्हनती, ते तुम्ही सोता वाकीसन देखतात. मंग बठ्ठासले समजी जातं."

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना, खरं तर साहेबांना. आणि आता त्यांना समजलंच. त्यांनी रुमाल खाली घेतला. "यांना दिसत नाही?"

"ऐकू येतं, साहेब," मी म्हणालो. त्या क्षणी मला मिस्तरीसाठी फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मिस्तरी खाली बसला, डायनामो उघडला, बोटांनी चाचपत झिजलेला कार्बनचा ठोकळा काढला आणि पेटीतला नवा बसवला. मोटर पुन्हा सुरू झाली.

"दिवा वाढना का?"

मंजुळाबाईने पदर डोळ्यांना लावला होता.

"वाढला, मिस्तरी," मी म्हणालो.

तो माझ्या आवाजाकडे वळला. "मीटर लायीसन सांगतस का डोयाघाई?"

"डोळ्यांनी."

"मंग खरं," म्हणत त्याने मोटर बंद केली.

साहेबांनी दाखला हातात घेतला. ‘समक्ष पाहून’ या शब्दांवर त्यांची नजर बराच वेळ अडकली. मग दाखला माझ्याकडे देत म्हणाले, "मिस्तरीशेजारी तुम्हीही सही करा. पुढच्या वर्षीपण दोघांची सही घ्या." मी मिस्तरीची जागा सोडून शेजारी माझी सही केली, आणि त्याचं बोट धरून मोकळ्या जागेवर ठेवलं.