माझं भाषण तिने म्हटलं

गोवा राज्य झालं तेव्हा शाळेला सुट्टी होती. म्हणून आमच्या शाळेने कार्यक्रम ठेवला तो जूनमध्ये, वर्ग सुरू झाल्यावर. मी सातवीत गेले होते. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात विचारलं, "आपलं राज्य या विषयावर कोण बोलेल?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

आम्ही सुर्ल्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. मूळचे आम्ही सावंतवाडीकडचे. पण मला कळायला लागल्यापासून मी सुर्ल्यातलंच सगळं बघत आले होते, तांबड्या धुळीने रंगलेली झाडं आणि रस्त्याने जाणारी ट्रकांची रांग. भाषण मी तिथूनच सुरू केलं. 'माझे बाबा ज्या डोंगरातली माती वाहतात, तो डोंगर माझ्या राज्यात आहे,' हे माझं पहिलं वाक्य. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं."

"छान आहे. पाठ कर."

आठवडाभर मी ते म्हणत होते. पावसात खाण बंद असल्यामुळे बाबा घरीच असायचे. त्यांच्यासमोर उभी राहून मी रोज म्हणायचे आणि पहिलं वाक्य आलं की ते मान खाली घालून हसायचे.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले असताना मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. बाई आधीच तिथे उभ्या होत्या. टेबलावर मुलांच्या जन्माच्या नोंदी असलेलं जनरल रजिस्टर उघडं होतं.

"तुझा जन्म गोव्यातला नाही ना?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाही सर. आईच्या माहेरचा."

"सर, मुलगी पहिलीपासून इथेच शिकते," बाई म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे हो. पण सध्या वातावरण कसं आहे ते बघताय ना? कोकणी की मराठी यावरून आधीच घराघरांत भांडणं. उद्या कोणीतरी येऊन विचारील, तुम्हाला गोव्यातलं एक मूल मिळालं नाही का?" मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "भाषण चांगलं आहे. ते आपण घेऊया. म्हणेल दुसरी कोणीतरी."

बाईंनी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.

ती दुसरी कोणीतरी म्हणजे माझ्याच बाकावरची मुलगी निघाली. जवळच्या डिचोलीच्या बाजारात त्यांचं आजोबांच्या वेळेपासूनचं कापडाचं दुकान. मधल्या सुट्टीत मीच तिला भाषण शिकवलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. बाबांचं वाक्य मात्र बाईंनी पेन्सिलीने खोडून तिथे 'आपल्या राज्यात अनेक खाणी आहेत' असं लिहिलं होतं.

घरी सांगितल्यावर आई खालीच बसली. "पयल्या बाळंतपणाक मायारा जावचाच लागता गो. माका काय म्हायत, कोण कागद बघतले म्हणान?"

बाबांनी विचारलं, "धाकटीचो जल्म डिचोलीच्या हॉस्पिटलातलो. तिका चलला असता?"

"चाललं असतं," मी म्हटलं.

माझी धाकटी बहीण तेव्हा दुसरीत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसली आणि मला तिचा भयंकर राग आला. आई-बाबा गावचे, धाकटी गोव्याची; आपल्याच घरात आपण एकट्या आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. गावी जावं असंही वाटेना. तिथे मी पावाला उंडो आणि खिडकीला जनेल म्हटलं की चुलत भावंडं ओरडायची, "इली बघा गोंयकारीण!"

कार्यक्रमात मी मुलींच्या रांगेत मागे उभी होते. तिने भाषण सुरेख म्हटलं. मी सांगितलेल्या प्रत्येक जागी ती थांबली. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. खाली आल्यावर ती धापा टाकत माझ्याकडे आली. "सांगूं सगळ्यांक, हें तुवें बरयलां म्हूण?"

"नाका," मी म्हटलं.

हे मी लिहिलंय ते सांगू का, असं तिने पुन्हा विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण तिला कोणीतरी हाक मारली. त्यानंतर आम्ही वर्षभर एकाच बाकावर बसलो, पण डबे वेगवेगळे खाल्ले. भांडण नव्हतं. मीच बोलायची थांबले होते. वर्गात हात वर करणंही थांबलं.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी भर पावसात बाई आमच्या घरी आल्या. मी त्यांना लांबून पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं. आईने चहा केला.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "मी तिच्यासाठी आणखी बोलायला हवं होतं. नोकरी नवी आहे, घाबरले."

आई म्हणाली, "तुमी इतक्या लांब इलास, ताच खूप झाला."

"तिला बोलवता का जरा?"

आईने दोन हाका मारल्या. मी ओ दिली नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिले. शाळेतलं कोणीतरी पहिल्यांदाच माझ्यासाठी घरी आलं होतं आणि माझ्याच्याने उठवत नव्हतं. बाई बराच वेळ थांबल्या. कप खाली ठेवल्याचा आवाज आला, मग छत्री उघडल्याचा.

मी खिडकीतून बघितलं. एका हाताने साडी सावरत, तांबड्या चिखलातून दगड बघून पाय टाकत त्या बसच्या रस्त्याकडे चालल्या होत्या. एकदा थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. मी खाली वाकले.

त्या वर्षाच्या अखेरीला त्यांची बदली पेडण्याकडे झाली. पुढे मीही शिक्षिका झाले. दोन-तीनदा त्यांचा पत्ता काढला, पत्रं लिहायला बसले, पण एकही पुरं झालं नाही.