खोकला कुठून चढला?

सुमे, कागदावरच का होईना, जरा जवळ सरक. हल्ली फोनवर मला "आत्याबाई" म्हणायलीस, ते काय माझ्या ध्यानात येत न्हाय व्हय? जन्मभर नुसती आत्या होते. मनात काहीतरी धरून बसलीस आणि विचारत मात्र नाहीस, ही कुठली रीत? संशय घ्यायला तू तुझ्या अण्णांकडूनच शिकलीस. पण अण्णा तोंडावर विचारायचा.

माझा धाकटा भाऊ तो, पण सगळं तुळजापूर अण्णा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. एसटीत कंडक्टर. आईच्या मांडीवर पाय दुमडून बसवलेल्या पोराला तो लई प्रेमानं विचारायचा, "बाळा, कितवीत आहेस?" पोरगं ऐटीत "तिसरीत" म्हणालं, की आईच्या हातात अर्धं तिकीट.

मग त्याच्या किडन्या गेल्या आणि माझी एक त्याला बसवली. त्या किडनीचं नाव त्यानं माझंच ठेवलं, अक्का. तांब्या तोंडाला लावताना म्हणायचा, "अक्का, पाणी घे." एकदा तुझ्या आईनं, शोभानं, वाशीला माझ्या सासरी फोन करून "अक्काला जंतू झालेत" असं सांगितलं. तर माझी चुलत जाऊ मोसंबी घेऊन मलाच बघायला आली, आणि मी आपली अंगणात शेंगा फोडत बसलेली.

डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. बसवलेली किडनी अंगाला परकी वाटते, अंग तिला हाकलायला बघतं. म्हणून अंगाची राखण करणारी ताकदच गोळ्यांनी दाबून ठेवायची, जन्मभर. मग बाहेरचा आजार आला की अंग लढायला कमी पडतं. कोरोनाच्या लसी त्यानं सगळ्या घेतल्या, पण अशा माणसांना लस पुरती लागू पडत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावानं मास्क टाकून दिले, अण्णानं नाही. आल्यागेल्याला उंबऱ्याबाहेर थांबवून विचारायचा, "खोकला कुठून चढला? कुठं उतरणार?" लोक हसायचे. सख्ख्या मेव्हण्याला त्यानं चहा दिला तो अंगणात, बाजेवर. मेव्हणा वर्षभर रुसला.

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. माझा घसा दोन दिवस धरला होता. तरी निघाले. वाशीहून धाराशिव, तिथून तुळजापूर, सगळी वाट तोंडात लवंग धरून. किडनी बसवल्यापासून एकही भाऊबीज चुकली नव्हती. आता चुकली तर त्याचं काही वाईट होईल, असं माझ्या डोक्यात बसलेलं. दारात त्यानं माझ्याकडं रोखून बघितलं. मी म्हणाले, "फराळ तळला ना, तेलाचा धूर घशात गेलाय." खोटं बोलले, सुमे. त्यानं मास्क काढला. मी कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी भरवली.

चौथ्या दिवशी त्याला ताप आला. सोलापूरला नेलं, तपासणीत कोरोना निघाला. इकडं माझाही निघाला. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांपैकी एक सध्या बंद ठेवू, म्हणजे अंगाला लढता येईल. अण्णाला वाटलं, अक्काला बाहेर काढायचा हा डाव आहे. त्यानं घरून आणलेल्या गोळ्या उशीच्या खोळीत लपवल्या आणि चोरून घेत राहिला. शोभाला त्या सापडल्या. तिनं रडत मला फोन लावला आणि त्याच्या कानाशी धरला.

मी म्हणाले, "अण्णा, गोळी थांबव. किडनी गेली तर जाऊ दे, तू ऱ्हा."

त्याला धाप लागत होती. "तू म्हणतीस तर थांबवतो." मग शोभाला पाणी आणायला धाडलं आणि हळूच म्हणाला, "अक्का, तुझा घसा मला दारातच कळलता. धूर न्हवता तो."

"मग मला बाहेर का ठेवलं न्हाईस?"

"तुला कुठल्या तोंडानं ठेवू? पोरीला हे दुखणं बाजारातनं आलं म्हणून सांगितलंय. तू बी तेच सांग."

नऊ दिवसांनी तो गेला. फुप्फुसांनी साथ सोडली. किडनी मात्र अगदी शेवटपर्यंत चालत होती, असं डॉक्टर म्हणाले. ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. गोळी आधीच थांबली असती तर वाचला असता का, हेही मी विचारलं. त्यांनी मान हलवली, सांगता येत नाही म्हणाले.

तू विचारलंस तितक्या वेळा मी बाजाराचंच नाव घेतलं. त्याचा शब्द पाळला म्हणू, की माझी कातडी वाचवली, ते तूच ठरव. शोभाला अजून काही माहीत नाही. रोज सकाळी फोन करते, "वन्सं, जेवलात का, गोळी घेतली का" विचारते, आणि मी नुसतं "हो" म्हणून फोन ठेवते. तिला सांगायला मला तू शेजारी हवी आहेस. पुण्याहून सकाळची गाडी धर. रागात आलीस तरी चालेल, पण लवकर ये.