एका कुपनावर दोघं

वर्लिन स्टकी बुफेत आला की लगेच ताटाला हात लावत नसे. आधी हात मागे बांधून सगळ्या मांडणीभोवती एक फेरी मारायचा. कुठला पदार्थ आत्ताच आतून आलाय आणि कुठला सकाळपासून दिव्याखाली वाळत पडलाय, ते हेरायचा. मग ताट. त्याची बायको आर्डा तोवर पाव-लोणी संपवून जेलीपाशी पोचलेली असायची.

"अगं, पावानं पोट भरायला इथवर आलो का आपण? घरी पाव नाही?"

"तू पैसे वसूल कर," आर्डा म्हणायची. "मी जेवते."

मी ओल्ड लँटर्न कॅसिनोच्या बुफेच्या दारात गल्ल्यावर बसायचे. माझं नाव ग्रासिएला, पण सगळे चेला म्हणतात. लास वेगास म्हटलं की लोकांना जो झगमगाट आठवतो, त्या रस्त्यावरचा आमचा कॅसिनो नव्हता. तो बोल्डर हायवेवरचा, गावातल्याच लोकांचा. निवृत्त म्हातारे, पाळी संपवून आलेले स्वयंपाकी, पत्ते वाटणाऱ्या बायका. मंगळवारी पंचावन्नच्या पुढच्यांसाठी कुपन असायचं, एकाच्या पैशात दोघं. त्या दिवशी रांग पार जुगाराच्या यंत्रांपर्यंत जायची, आणि त्या रांगेत वर्लिन आणि आर्डा बहुतेक पहिलेच असायचे.

वर्लिन मूळचा नेब्रास्काचा. धान्याच्या कोठारांवरची यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला. आर्डाच्या छातीला कोरडी हवा हवी म्हणून म्हातारपणी इकडे आले. मुलगा अलास्कात, नाताळला फोन करणारा. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. मंगळवारचं जेवण हाच त्यांचा सण.

त्याचं शास्त्र आमच्याकडे सगळ्यांना पाठ झालं होतं. सूप घ्यायचं नाही, ते पाणी आहे. गोड पेय घ्यायचं नाही, त्यानं भूक मरते. बसायचं स्वयंपाकघराच्या दाराजवळ, कारण गरम ट्रे तिथूनच बाहेर येतो. सकाळचे दर संपायच्या जरा आधी आत शिरायचं, म्हणजे नाश्त्याच्या पैशात दुपारचं जेवण पदरात पडतं. भाजलेल्या मांसाचा नवा मोठा तुकडा कापायला आला की उठायचं, आणि कापणाऱ्याला कडेचा काप मागायचा. त्यालाच मसाला लागलेला असतो. हे सगळं तो शेजारच्या टेबलालाही सांगायचा, फुकट. आर्डा त्याची बाही ओढायची. "जेवू दे रे त्यांना."

एका हिवाळ्यात आर्डाला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

बरेच मंगळवार वर्लिन आला नाही. मग एक दिवस आला तो एकटाच, दाढी करताना गाल कापलेला. कुपन माझ्यासमोर ठेवलं.

"मिस्टर स्टकी," मी म्हटलं, "आर्डाचं कळलं. फार वाईट वाटलं."

"हं." त्यानं कुपन पुढे सरकवलं.

आता आली पंचाईत. कुपन दोघांचं. दोघं दारात एकदम उभे असल्याशिवाय ते घ्यायचं नाही, असा वरून हुकूम होता, आणि मुकादम माझ्या पाठीशीच उभा होता. मी हळू आवाजात सांगितलं. अर्धं कुपन चालत नाही.

"म्हणजे एकट्यानं पूर्ण पैसे भरायचे?"

"हो."

"दोघं होतो तेव्हा जेवढे भरत होतो, तेवढेच. अर्ध्या जेवणाला."

पैशांचा प्रश्न नव्हता, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. त्यानं कुपन घडी करून खिशात घातलं आणि तो न जेवता परत गेला.

पुढच्या मंगळवारी पाहते तर तो रांगेत उभाच नव्हता, रांगेच्या कडेकडेनं चालत होता. प्रत्येकाला विचारत होता, "एकटे आहात का?"

असं विचारणारा माणूस कॅसिनोत काय मागणार, असंच लोकांना वाटायचं. एका बाईनं पर्स छातीशी धरली. टोपीवाला एकजण म्हणाला, "बाबा, माझ्याकडे सुटे नाहीत." वर्लिनचे कान लाल झाले. शेवटी पहारेकरी आला आणि त्याच्या कोपराला हात लावून म्हणाला, "चला आजोबा, लोकांना त्रास देऊ नका."

"त्रास? मी यांना फुकट जेवायला घालतोय!"

तेवढ्यात रांगेच्या मागून खरखरीत आवाज आला. "सोड त्याला. मी आहे एकटी."

ती विनोला टॅकेट. उंच, हाडकुळी, ओठांना गडद लाली. तीस-एक वर्षं निरनिराळ्या कॅसिनोत पत्ते वाटून निवृत्त झालेली. दोन नवरे पुरलेले, हे ती स्वतःच कुणालाही सांगायची, हवामान सांगावं तसं. ती पुढे आली आणि वर्लिनकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "कुपन एक, टेबलं दोन. मला जेवताना बडबड चालत नाही. कबूल?"

"कबूल बाई."

दोघं माझ्यासमोर एकदम उभे राहिले. मी कुपन घेतलं. मुकादम दुसरीकडे बघू लागला.

असं ते सुरू झालं. दर मंगळवारी ते दारात भेटायचे, एकत्र आत यायचे आणि आत आल्यावर दोन दिशांना जायचे. वर्लिन त्याच्या स्वयंपाकघराजवळच्या टेबलावर. विनोला खिडकीपाशी, जिथून गाड्या उभ्या करायचं आवार सोडून काही दिसत नसे. पण वर्लिनचं जेवणात लक्ष लागेना. त्याचे डोळे खिडकीकडे. विनोला कुस्करलेला बटाटा घ्यायची, सूप घ्यायची, वर पुडिंग. खेकड्याकडे ढुंकून बघायची नाही. खेकड्याच्या पायांचा ढीग रोज लागत नसे, फक्त मंगळवारी, आणि लोक त्यावर तुटून पडत. वर्लिनच्या मते अख्ख्या बुफेत पैसे फिटतील अशी एकच गोष्ट होती, ती ही.

शेवटी त्याला राहवलं नाही. उठून तिच्या टेबलाशी गेला.

"बाई, बोलू नका म्हणालात, पण हे माझ्यानं बघवत नाही. बटाटा? समोर खेकडा असताना बटाटा?"

विनोलानं चमचा खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर पसरले. सांधे सुपारीएवढे सुजलेले, बोटं एका बाजूला वाकलेली. "या हातांनी मी खेकडा फोडू? माझं कवच फुटेल, त्याचं नाही फुटणार."

वर्लिन गेला, ताटभर खेकडा आणि अडकित्त्यासारखं ते फोडायचं हत्यार घेऊन आला आणि न विचारता तिच्यासमोर बसला. एकेक पाय फोडून, आतलं पांढरं मांस अख्खं बाहेर काढून तिच्या बशीत ठेवू लागला.

"दोन टेबलं ठरली होती," विनोला म्हणाली.

"तुम्ही खा. मी बडबड करत नाहीये."

त्या दिवशी नवा तुकडा कापायला आला तरी वर्लिन उठला नाही. त्याचं स्वतःचं ताट निवून गेलं. आमची ताटं उचलणारी मारिबेल मला येऊन म्हणाली, "म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. आज तो तोट्यात गेलाय."

त्यानंतर ते एकाच टेबलावर बसू लागले, आणि बडबड न चालणारी विनोलाच जास्त बोलू लागली. कुठल्या मोठ्या माणसानं कुठल्या रात्री किती घालवले, कुठला नवरा कसा घोरायचा. वर्लिन फोडायचा आणि ऐकायचा. कधी त्याचं शास्त्र काढायचा, तेव्हा ती म्हणायची, "अरे, तू जेवायला येतोस की दरोडा घालायला?" तो हसायचा. आर्डा गेल्यावर त्याला हसताना मी तिथेच पाहिलं. पण जेवण झालं की दोघं दाराशी मान हलवायचे. ती बसनं जायची, तो त्याच्या जुन्या गाडीनं. बुधवार ते सोमवार ती कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे घरोघरी टर्की पक्षी भाजून सगळ्यांनी एकत्र जेवायचा सण, जवळ आला तेव्हा त्यानं विचारलं. मी त्यांचे राहिलेले सुटे पैसे द्यायला टेबलाशी गेले होते, म्हणून ऐकलं.

"माझ्याकडे ये ना त्या दिवशी. मी टर्की करतो. लहानशीच."

विनोलानं बशीतला खेकडा बाजूला सारला. "नको रे."

"का?"

"तुझ्या घरी आले की तू मला तिचे फोटो दाखवशील. मग मी माझ्या दोघांबद्दल सांगेन. मग आपण दोघं रडू आणि टर्की करपेल." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मंगळवार आहे ना. मंगळवार पुरे."

"बरं," तो म्हणाला.

नंतर मला कळलं, त्यानं टर्की आधीच आणली होती. ती त्यानं एकट्यानं केली आणि दोन आठवडे एकट्यानं खाल्ली.

वसंतात आमच्या मालकांनी बुफे बंद करायचं ठरवलं. त्या जागी छोटी छोटी दुकानं येणार होती, बर्गरचं एक, पिझ्झाचं एक. दारावर पाटी लागली तशी गर्दी उसळली. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोकही शेवटचं खाऊन घ्यायला आले. शेवटच्या मंगळवारी वर्लिन आणि विनोलाला खिडकीजवळ जागाही मिळाली नाही. मधल्याच एका टेबलावर, लोकांचे धक्के खात बसले. खेकडा लवकर संपला. वर्लिननं दोन ताटं आधीच आणून ठेवली होती. तो फोडत राहिला, ती खात राहिली.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. मी दोघांचे हात हातात घेतले. विनोलाचे हलकेच, दुखतील म्हणून.

"मग, भेटू," वर्लिन तिला म्हणाला.

"कुठे?" विनोला म्हणाली.

तिचा सूर थट्टेचा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण वर्लिनला थँक्सगिव्हिंगचा नकार आठवला असावा. तो म्हणाला, "बघू, कुठेतरी." ती मान हलवून बसच्या थांब्याकडे निघाली. मागून लोक ढकलत होते, मला पैसे घ्यायचे होते. मान वर केली तेव्हा दोघंही दिसत नव्हते.

मला एका इस्पितळाच्या उपाहारगृहात काम मिळालं. त्यालाही बरेच महिने झाले होते. एक दिवस औषधांच्या दुकानात रांगेत वर्लिन दिसला. बारीक झाला होता, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. मला बघून त्याला फार आनंद झाला. शेजारच्या बाकावर मला बसवलंच.

"चेला, तुला विनोला कुठे दिसली का?"

"नाही हो."

मग त्यानं सांगितलं. त्या नकाराचा रुसवा काही आठवड्यांत विरला आणि तो मंगळवारी गावातल्या दुसऱ्या बुफेंच्या दारात जाऊन उभा राहू लागला. एका मंगळवारी या, दुसऱ्या मंगळवारी त्या. ती कुठे आली नाही. मग ती ज्या बसनं जायची त्या बसनं तो निघाला आणि वाटेतल्या एकेका ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वसाहतीत उतरून विचारू लागला. कुणी कुत्रं अंगावर सोडलं, कुणी पाणी दिलं. शेवटी एका वसाहतीत एका शेजारणीनं तिचं नाव ओळखलं. विनोलानं ट्रेलर विकला होता. बहिणीकडे न्यू मेक्सिकोत गेली, गाव कुठलं ते त्या बाईला ठाऊक नव्हतं. हात आता चहाचा कपही धरेनात, म्हणून गेली.

"ती बाई मला बघून म्हणाली, खेकडेवाला तूच का? म्हटलं, हो. तर म्हणाली, मंगळवारी सकाळी विनोला मला हाक मारायची. ओठांची लाली लावून घ्यायला. तिला स्वतःला लावता येत नव्हती." वर्लिन हातातल्या औषधाच्या चिठ्ठीकडे बघत होता. "मला वाटायचं ती रोजच लावते."

मी बाकावर त्याच्याजवळ सरकले.

"मग आता जेवता कुठे?" मी विचारलं.

"म्हाताऱ्यांच्या केंद्रात. दुपारचं देतात. बसायला माणसं असतात, बरी असतात. एक आहे, सगळा वेळ गुडघ्यांबद्दल बोलतो."

"आणि जेवण?"

"ठीक. एकेक पळी वाढतात. आणखी हवं तर देतात, पण मागावं लागतं."

"मागता का मग?"

"नाही गं," तो म्हणाला.

खिडकीतून त्याचं नाव पुकारलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, मला म्हणाला, "तब्येतीला जप हं पोरी," आणि औषध घ्यायला गेला.