पळसाखालचे बूट

कोणाच्या दारात जोडून ठेवलेली पादत्राणे दिसली की मला आजही ती घटना आठवते आणि पावले थबकतात. पोलीस खात्यातील सेवेत मी याहून क्रूर गुन्हे पाहिले. परंतु या प्रकरणाच्या कागदपत्रांत, एका साक्षीदाराच्या जबाबात, एक वाक्य माझ्याविषयी होते. प्रकरण केव्हाच निकाली निघाले, पण ते वाक्य मला सोडून गेले नाही.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना मी गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. धानाच्या रोवणीचे दिवस होते. एका दुपारी बीट अंमलदाराने फोनवर कळवले, ‘‘साहेब, रस्त्यावर जहाज उभं हाय.’’ जाऊन पाहतो तो खरोखरच एक भली मोठी मोटारबोट अनेक चाकांच्या ट्रेलरवर साखळदंडांनी जखडलेली! गुजरातच्या किनाऱ्यावर बांधलेली ती बोट महाराष्ट्र आणि छत्तीसगढ ओलांडून ओडिशातील एका जलाशयाकडे निघाली होती. महामार्गावर एका पुलाचे काम चालू होते, त्याखालून ती जाईना. म्हणून आमच्या आडवाटेने तिला वळवले होते.

आसपासची गावे लोटली होती. इकडे नावेला डोंगा म्हणतात. एक म्हातारी ट्रेलरच्या चालकाला विचारत होती, ‘‘एवढा मोठा डोंगा, अन् पानी कुठं हाय रे बाबू?’’

‘‘पानी आगे है, माई,’’ चालक म्हणाला.

‘‘आगे कायले जाता? आमच्या बांधीत सोडा, तरंगते!’’ पाण्याने भरलेल्या भातखाचराकडे हात करून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

मी परवाने तपासले. त्या मार्गाने गांजाची वाहतूक होत असे, त्यामुळे बोटीची केबिन आतून पाहणे आवश्यक होते. वर चढण्यास लोखंडी शिडी लावलेली होती. बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, चालकाने देवीची तसबीर बांधून जास्वंदीचा हार घातला होता. खाली नारळ आणि विझत आलेली उदबत्ती. माझे बालपण संस्कृत पाठशाळेत गेले. पैलतीराला नेणारी नौका ही मातेसमान, हा संस्कार तेथे झालेला. मी शिडीपाशी बूट काढले, जोडून ठेवले, नमस्कार केला आणि अनवाणी वर चढलो. खालचा गलका शांत झाला. काहींनी हात जोडले. केबिनमध्ये आक्षेपार्ह काही नव्हते. उतरताना मनाला एक प्रकारचे समाधान वाटले, हे मी आज लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर पुढे निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी, रोवणी अर्धी टाकून, एक बाई ठाण्यात आली. पोटरीपर्यंत चिखल वाळलेला, पायांत काही नाही.

‘‘साहेब, माहे घरवाले डोंग्यासंग गेले. सांजेपर्यंत वापस येतो म्हनले होते. कालची रात गेली, आजची दुपार झाली. काऊन नाही आले जी?’’

तिचा नवरा पन्नाशीचा, अल्पभूधारक शेतकरी. दुर्गाविसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीच्या आड येणाऱ्या विजेच्या तारा सुक्या बांबूने अलगद वर उचलणे हे त्याचे काम. पंचक्रोशीतील मंडळे त्यालाच बोलावीत. बोटीची उंची पाहून वाहतुकीच्या सुपरवायझरने त्याला राज्याच्या सीमेपर्यंत सोबत घेतले होते.

मी सुपरवायझरला फोन लावला. उत्तर तत्काळ आले, ‘‘नहीं साहब, हमारे साथ कोई लोकल आदमी था ही नहीं.’’

जो मनुष्य आठवण्यासाठी क्षणभरही थांबत नाही, त्याने उत्तर आधीच तयार ठेवलेले असते. मी फोन ठेवला आणि सीमेपलीकडील ठाण्याला ट्रेलर शोधून सुपरवायझर आणि चालक या दोघांना आमच्याकडे पाठवण्याची विनंती केली. इकडे आमचा हवालदार मनुष्य बेपत्ता झाल्याची नोंद घेता घेता हसत म्हणाला, ‘‘गडी डोंग्यात बसून समुद्र पाहाले गेला असंल.’’

बाईने त्याच्याकडे रोखून पाहिले. ‘‘ते गावच्या तलावातबी कधी उतरले नाही. समुद्र कायले पाहातील? गावात लोकं म्हनून राहिले, बायकोले सोडून पळाला. तुमीबी तेच लिहा.’’

हवालदाराची मान खाली गेली. बाईला आता दोन गोष्टी हव्या होत्या: नवरा, जसा असेल तसा, आणि तो पळाला नाही, हे गावापुढे सिद्ध होणे.

तासाभरात एका वाडीच्या पोलीस पाटलाचा फोन आला. रस्त्याकडेच्या पळसाखाली रबराचे गमबूट कालपासून पडून होते, कोणी नेत नव्हते. आम्ही पोहोचलो. पाटलांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. बूट पडलेले नव्हते, ठेवलेले होते. टाचेला टाच लावून, रस्त्याकडे पाठ करून. वरून वाडीत जाणारी वीजवाहिनी रस्ता ओलांडत होती.

‘‘पळताना काढले असतील,’’ शिपाई म्हणाला.

पळणारा मनुष्य बूट फेकतो. मारहाण झाली तर एक इकडे, एक तिकडे पडतो. असे बूट मनुष्य एकाच ठिकाणी काढतो, जेथे पुढची पायरी पवित्र असते. त्या रस्त्यावर देऊळ नव्हते. आदल्या दिवशी तेथून फक्त एकच गोष्ट गेली होती, जिच्यावर देवीची तसबीर होती. मला कारण समजले. त्या कारणाचे मूळ कोठे आहे, हे मात्र तेव्हा समजले नाही.

पंचनामा झाला. बाईने बूट ओळखले. ‘‘रोवणीसाठी घेतले होते. म्याच त्याहीले म्हनलं, तारेजवळचं काम हाय, घालून जा.’’

सायंकाळच्या आत सुपरवायझर आणि चालक आमच्या ठाण्यात हजर झाले. मी त्यांना वेगवेगळे बसवले. सुपरवायझर शांत होता. कंपनीशी बोला, वकिलाशी बोला, एवढेच त्याचे म्हणणे. चालक साठीच्या घरातला, कपाळाला कुंकू. त्याला मी चहा दिला. कपाला त्याने हात लावला नाही. ज्याला भूक-तहान राहिलेली नाही, त्याला दरडावण्याची गरज नसते. मी त्याच्यासमोर फक्त ते बूट ठेवले आणि विचारले, ‘‘नाव पर चढने से पहले इसे जूते उतारने को किसने कहा?’’

त्याने तोंड झाकून घेतले. ‘‘किसी ने नहीं, साहब. मैंने तो मना किया था, कि पहने रहो, ऊपर गीला है. बोला, देवी बैठी है. थानेदार साहब ने भी उतारे थे, हम कौन होते हैं.’’

जबाब लिहिणाऱ्या अंमलदाराचे पेन थांबले.

‘‘साहेब,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘हेबी लिहायचं काय?’’

तो क्षण माझ्या सेवेतील सर्वांत लांब क्षण होता. एवढे एक वाक्य वगळले असते तरी तपासाला बाध आला नसता.

‘‘शब्दशः लिहा,’’ मी म्हणालो.

पुढचे सर्व चालक एका दमात बोलला. वर चढून त्या गृहस्थाने विचारले होते, लाइन बंद आहे ना? विसर्जनाच्या वेळी गावचा वायरमन आधी वीज बंद करतो, मगच मिरवणूक हलते. आयुष्यभर त्याने बंद तारांखालीच काम केले होते. सुपरवायझरने कोणालाही न विचारता खालून हात हलवून ‘हो’ म्हटले. वर त्या गृहस्थाने तार उचलली, ती बांबूवरून घसरून त्याच्या खांद्यावर आली. पायाखाली ओला धातू, ट्रेलरची लोंबती साखळी ओल्या रस्त्याला टेकलेली. हाक मारण्यासही वेळ मिळाला नाही.

‘‘वह कहाँ है?’’

‘‘केबिन में. चादर ओढ़ाई है. सुपरवाइज़र बोले, आगे बड़ी नदी में छोड़ देंगे. मुझसे नहीं हुआ, साहब. मैंने गाड़ी खराब बता दी.’’

सीमेपलीकडील एका ढाब्यामागे बोट उभी होती. तेथील पोलिसांच्या समक्ष कुलूप उघडले. या वेळी मी बूट न काढता शिडी चढलो. हार सुकून काळा पडला होता. आत, पर्यटकांसाठी केलेल्या गुबगुबीत आसनावर, चादरीखाली तो होता. उशाशी उदबत्त्यांची राख साचली होती. चादरीबाहेर आलेले तळवे जळलेले होते.

सुपरवायझरवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे आणि पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न, या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. चालक साक्षीदार झाला आणि पुढे शिक्षाही झाली. विद्युत निरीक्षकांना मी अहवालाबाहेर विचारले होते, बूट असते तर? ते सज्जन गृहस्थ ‘‘कदाचित,’’ एवढेच म्हणाले.

प्रेत ताब्यात देताना मी गावकऱ्यांसमोर मोठ्याने सांगितले की हा मनुष्य कामावर असताना गेला, तो कोठेही पळाला नव्हता. त्यानंतर बाईला बाजूला नेऊन चालकाचे ते वाक्यही सांगितले. जे कागदावर होते, ते तिच्यापासून लपवण्याचा मला अधिकार नव्हता.

ती म्हणाली, ‘‘तुमचं पाहून काढले असतील जी. ते मोठ्या मानसाचं पाहूनच करत.’’

त्यात दोष देणे नव्हते आणि क्षमाही नव्हती.

माझी श्रद्धा त्या दिवशी ढळली नाही. आजही नित्य पूजा होते. पण अधिकारी जे करतो ते त्याचे एकट्याचे राहत नाही. अंगावर गणवेश असताना जोडलेले हातही खालच्या गर्दीला आज्ञेसारखे वाटतात. भक्ती त्या पायरीवर माझी होती, तिची किंमत दुसऱ्याने मोजली. त्यानंतर मी चारचौघांत, कामावर असताना, देवाला मनातूनच नमस्कार केला.

निकालानंतर मुद्देमाल परत करण्याचा आदेश आला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तरी त्या दिवशी ठाण्यात गेलो. बूट मीच तिच्या हाती दिले. तिने उलटे करून झटकले, आतून पळसाचे एक वाळके पान पडले. ती ठाण्याच्या पायरीवर बसली, ते बूट पायांत चढवले. तिला ते बरेच मोठे होत होते.

‘‘रोवणी चालू हाय,’’ ती म्हणाली, आणि बांधीच्या दिशेने निघून गेली.